जहाजावर उघडणारं पान

प्रिय मामा,

बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार. (आडवा होऊनच घातला असता, पण आईच्या शिलाई मशीनभोवती कापडाचे गठ्ठे असे पसरलेत की आडवा झालो तर मलाही कोणीतरी घडी घालून ठेवून देईल.) तुझी कंबर कशी आहे? मामी अजून छापखान्यात फोन करकरून तुला जेवायला बोलावते, की दमून आता डबाच पाठवते? इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. मी मजेत नाही, कारण मी एक नको ती गोष्ट केलीय. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. ताईच्या नावाने इंटरनेटवर जो ब्लॉग चाललाय, ज्याचं तू फोनवर एवढं कौतुक केलंस आणि 'पोरीच्या हाताला वळण आहे' म्हणालास, तो ताईचा नाही. तो मी लिहितो. ताईने त्यातली एक ओळही लिहिलेली नाही. तू ज्या ज्या वाक्याला हसलास ते वाक्य माझं आहे, आणि हे सांगताना मला जेवढी लाज वाटायला पाहिजे तेवढी वाटत नाहीये, हेही आत्ताच सांगतो.

आता हे झालं कसं ते ऐक. यात थोडा दोष तुझाही आहे. सुट्टीत आम्ही तुझ्याकडे आलो की तू ताईला छापखान्यात नेऊन छापायच्या अक्षरांचे खिळे जुळवायला बसवायचास आणि मला दाराबाहेर उभा करायचास, कारण मी शाई सांडायचो. (एकदाच सांडली होती. पण गिऱ्हाईक पांढऱ्या कपड्यात आलं होतं.) एकेक अक्षर हाताने लावून पान उभं करायचं, हे तिच्या डोक्यात तेव्हा जे बसलं ते बसलंच. आता ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवते, आणि घरी आली की आईच्या मशीनमागच्या कोपऱ्यात त्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसून ब्लॉगचं सॉफ्टवेअर बनवते. नीट लक्षात घे, ब्लॉग लिहीत नाही. ब्लॉग ज्यात लिहायचा ते बनवते. म्हणजे एखाद्याला चिठ्ठी लिहायची होती म्हणून त्याने कागदाचा कारखाना काढला, त्यातलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाकत राहायची, मध्येच 'हं' म्हणायची, आणि 'हं' म्हणाली की टाकलेलं सगळं पुसायची. दोन वर्षांत तिच्या त्या ब्लॉगवर एकच लेख आला. 'ही चाचणी आहे.' बस. घरात आम्हाला तो तोंडपाठ होता.

मी तिला समजावून पाहिलं. म्हटलं, ताई, जगात तयार ब्लॉग फुकट पडलेत. नाव टाकायचं, रंग निवडायचा, लिहायला बसायचं. म्हणाली, 'माहिती आहे.' मी म्हटलं, मग तुझं अडलंय कुठे? म्हणाली, 'माझं कुठे काय अडलंय.' हिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला गुदगुल्या करणं. म्हणून मी जरा पटेल असं उदाहरण द्यायला गेलो. म्हटलं, अगं, आजकाल कपडे तरी कोण शिवून घेतं, सगळे रेडिमेडच आणतात ना. हे बोललो आणि आईचं मशीन थांबलं. तुला माहितीये, आईचं मशीन भूकंप झाला तरी शिवण संपल्याशिवाय थांबत नाही. आईने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'मग मी इथे काय माशा मारत बसते?' त्या दिवशी मला ताट मिळालं, पण वाढायला कोणी आलं नाही.

तेव्हाच मी ठरवलं की हिला दाखवूनच द्यायचं. एका दुपारी दोघी बाहेर गेल्यावर मी तयारवाल्या ब्लॉगवर ताईच्या नावाने खातं काढलं. नाव दिलं 'ताईच्या चष्म्यातून'. त्या लोकांनी इतक्या प्रेमाने स्वागत केलं मामा, की सख्ख्या आत्यानेही कधी केलं नसेल. स्वतःहून सूर्यास्ताचा फोटो लावून दिला. कोपऱ्यात फुलपाखरू उडवलं. फक्त हे सगळं उघडायला आमच्याकडे युगं लागायची, कारण वर्षभर आमच्या घरचं नेट नुसतं रडत होतं. मी नेटवाल्याच्या दुकानात जाऊन भांडून आलो, वायर कापीन म्हणालो. (वायरमनच्या परीक्षेला बसलेल्या माणसाने अशी धमकी द्यायची नसते, असं तो म्हणाला. मुद्दा बरोबर होता.) तो बिचारा दोनदा येऊन सगळं तपासून गेला आणि 'आमच्याकडून बरोबर येतंय' म्हणून शपथा घेत राहिला. मी त्याला खोटारडा म्हणालो. हे एवढ्यासाठी सांगतोय की पुढे मला त्याचीही माफी मागायची आहे, आणि माफ्यांची रांग आता जिन्यापर्यंत गेलीय.

तर लिहायला घेतलं. ताई जेवताना दुकानातलं दोन वाक्यांत सांगते, मी त्याची दोन पानं करायचो. एक गृहस्थ बिननंबरचा चष्मा मागायला आले, कारण जावई घरी येणार होता. एक बाई दुकानातल्या सगळ्या फ्रेमा लावून दमल्या आणि शेवटी 'ही घ्या, हीच बरी' म्हणून जी काढून दिली ती त्यांची स्वतःचीच, घालून आलेली. हे तू वाचलंच आहेस. आणि मध्ये मध्ये, लेखाला जरा वजन यावं म्हणून, मी ताईच्या तोंडून माझं कौतुक घालायचो. 'माझा धाकटा भाऊ म्हणजे आमच्या घरातला उजेड.' 'धाकट्याची बुद्धी पाहून कधी कधी मला भीती वाटते.' असं. लोकांना आवडलं. खालचा औषधवाला वाचायला लागला, आईची गिऱ्हाइकं मापं द्यायला आली की वाचून दाखवायला लागली, ताईचा मालक तर दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला फोन उघडून दाखवायचा. (नंतर त्याच्या लक्षात आलं की त्याच्या दुकानाच्या गोष्टीखाली ते तयारवाले समोरच्या चष्मेवाल्याची जाहिरात लावतात. ताईला म्हणाला, हे काय? ताई म्हणाली, 'बघते.') कोणीही तिला 'छान लिहितेस हं' म्हटलं की ती म्हणायची, 'हो का.' मला वाटायचं हिला कळतच नाहीये. इतकी शहाणी मुलगी आणि इतकी भोळी, असं वाटून मला तिची दयाही यायची. दया, मामा. मला.

आता दुसरी गोष्ट. हिच्यासाठी जरा टेकून बस. मी वायरमनच्या परीक्षेत नापास झालोय. पास झालो समजून तू पाठवलेली पक्कड मिळाली, फार उत्तम पक्कड आहे, तिला हात लावायला माझा हात धजत नाही. लेखी बरं गेलं होतं. प्रात्यक्षिकात जोडणी करून बटण दाबायचं होतं. मी दाबलं, दिवा लागला, पण शेजारच्या खोलीतला. परीक्षक उठून तिकडे जाऊन बघून आले आणि माझा कागद घडी करून ठेवला. घरी येऊन खरं सांगणारच होतो. पण आधी ब्लॉग उघडला, आणि ताईच्या आवाजात लिहायला बसलं की माझ्या हातून आपोआप चांगलंच लिहिलं जातं. 'आमचा धाकटा पहिल्या झटक्यात पास' असं शीर्षक टाकून मोकळा झालो. औषधवाल्याने आईचं अभिनंदन केलं. आईने मशीनवरचं दुसऱ्याचं काम बाजूला सारून माझ्यासाठी खाकी कपडे शिवले, वरच्या खिशाला टेस्टर अडकवायला वेगळी पट्टी लावून. ते दाराच्या खुंटीला टांगलेत. मी येता जाता त्यांच्याकडे बघत नाही.

राहिले बाबा. बाबा जहाजावर, इंजिनाचं तेलपाणी बघतात, सहा सहा महिने तोंड दिसत नाही. आईने त्यांना ब्लॉगची लिंक केव्हाच पाठवली होती, आणि फोन लागला की बाबा दर वेळी म्हणायचे, 'वाचलं, छान आहे.' पास झाल्याचं टाकल्यावर आईने त्यांना फोनवर विचारलं, 'वाचलंत ना धाकट्याचं?' बाबा म्हणाले, 'वाचलं. दे त्याला.' मी फोन घेतला. बाबा म्हणाले, 'जे केलंस ते बरं नाही केलंस.'

म्हटलं ह्यांना समुद्रात बसून निकाल कसा कळला? मी विचारलं, 'बाबा, काय केलं मी?'

'तुला माहिती आहे.'

'तुम्हाला कोणी सांगितलं?'

'मला सगळं कळतं. परत असं कानावर आलं तर बघ.'

मी कबूल करायला तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की नापास होणं पुन्हा कानावर येण्यासारखं काय आहे. म्हटलं, 'बाबा, नक्की काय वाचलंत तुम्ही?' बाबा एकदम हळू आवाजात म्हणाले, 'ताई जवळ आहे का? नाही ना? अरे, ते पान उघडतच नाही. गोल गोल फिरत राहतं आणि पांढरंच्या पांढरं. मी रोज वर डेकवर जाऊन, हात वर करून बघतो. पोरगी एवढी लिहिते, तिला काय सांगू, दिसत नाही म्हणून? म्हणून छान म्हणतो.' मी म्हटलं, मग मला का झापलंत? तर म्हणाले, 'तुझं नाव घेऊन वाचलं का विचारतात म्हणजे काहीतरी केलंच असशील. काय केलंस?' मी म्हटलं, 'काही नाही बाबा, कौतुकच होतं.' 'अस्सं,' म्हणाले, आणि लाईन गेली.

मामा, मला हसू यायला हवं होतं. आलंही थोडं, कारण सुटलो होतो. सूर्यास्त आणि फुलपाखरू मिळून पान इतकं जड झालं होतं की माझं खोटं जहाजापर्यंत पोचतच नव्हतं. पण डेकवर हात वर करून उभे बाबा काही डोळ्यांसमोरून जाईनात. मी कोपऱ्यात ताईच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि सहज विचारावं तसं विचारलं, 'ताई, बाबांच्या जहाजावर नेट कसं असतं गं?' ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, 'थेंब थेंब.' मग म्हणाली, 'खुर्ची घे.'

तिला पहिल्यापासून माहिती होतं. ज्या दिवशी बाबा फोनवर 'छान लिहितेस' म्हणाले त्याच दिवशी. एक तर तिने काही लिहिलेलं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे तसलं पान जहाजावर उघडत नाही हे तिला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. म्हणून तर ती ते काळ्या पडद्याचं काम घेऊन बसली होती. आम्हाला कोणाला सांगितलं नाही, कारण जमेल की नाही याची तिला खात्री नव्हती. आणि मामा, घरचं नेट वर्षभर रडत होतं ते तिनेच मुद्दाम आवळून ठेवलं होतं. जहाजावर जेवढं येतं बरोबर तेवढं. त्याशिवाय चाचणी कशी करणार, म्हणाली. (बिचारा नेटवाला.)

मग तिने आधी माझा ब्लॉग उघडला. पांढरं. गोल गोल. तिने चहा केला, आम्ही तो प्यायलो, कप विसळून ठेवले, तरी पांढरंच. फुलपाखराचा एक पंख आला होता. मग तिने तिचं पान उघडलं. फोटो नाही, रंग नाही, आधी नुसतं नाव आलं, मग एक ओळ, मग दुसरी, कोणीतरी समोर बसून सावकाश सांगतंय अशी. मी वाचायला लागलो तर मधेच तिने नेटची वायर उपटली. आलेल्या ओळी तशाच. काही उडालं नाही, काही पांढरं झालं नाही. वायर परत लावली आणि पुढची ओळ आली, मामा, बरोबर पुढची. परत पहिल्यापासून नाही. ताई म्हणाली, 'त्यांचं नेट मध्येच जातं. माणूस जिथे थांबला तिथूनच पुढे यायला पाहिजे.' मी म्हटलं अक्षरं एवढी मोठी का, तर म्हणाली, 'बाबांच्या चष्म्याच्या नंबराची आहेत.' तिने फ्रेम बसवावी तसं ते पान एका माणसाच्या डोळ्यांवर बसवलं होतं. दोन वर्षं मी जिला वेडी म्हणत होतो ती माझ्या पाठीमागे बसून हे करत होती, आणि मला दिसत काय होतं, तर पुसापुशी.

हे सगळं बघून होईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की मी वाचतोय ते माझंच आहे. बिननंबरचा चष्मा, जावई, सगळं. म्हणाली, 'चाचणीला मजकूर लागतो. माझ्याकडे नव्हता, तुझ्याकडे होता.' माझे सगळेच्या सगळे लेख तिने उचलून तिकडे आणले होते, एकही शब्द न बदलता. फक्त एक दुरुस्ती केली होती. लेखकाचं नाव. त्यामुळे आता तिथे असं वाचायला मिळतं: 'माझा धाकटा भाऊ म्हणजे आमच्या घरातला उजेड', आणि त्याखाली, लेखक, धाकटा.

आणि लिंक बाबांना गेली होती.

दुसऱ्याच दिवशी बाबांचा फोन आला. मला मागितलं. 'हे तू लिहिलंस?' म्हणाले. मी हो म्हटलं. 'हा उजेड म्हणजे तूच?' हो बाबा. मग इतका वेळ काही ऐकू येईना की मला वाटलं लाईन गेली. ती गेली नव्हती. ते हसत होते, आवाज न करता, आणि मग आवाज करून, आणि मागे अजून चार जण हसत होते, कारण बाबांनी इंजिनरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. मामा, माझ्या करण्यावर बाबा हसलेले मी आजवर पाहिलेले नाहीत. रागावलेले पाहिलेत, त्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही. म्हणाले, 'एकेकच वाचतो रे, पुरवून पुरवून. पहिल्यापासून चाललोय.' ताई शेजारीच उभी होती. तिने चष्मा काढून पुसला, आणि तो स्वच्छच होता.

आता माझी अडचण तुझ्या लक्षात आली असेल. ते पहिल्यापासून एकेक वाचत पुढे येतायत, आणि पुढे 'आमचा धाकटा पहिल्या झटक्यात पास' बसलाय. तयारवाल्या पानावर तो सुरक्षित होता. ताईच्या पानावर तो ओळीने, न चुकता, त्यांच्या नंबराच्या मोठ्या अक्षरांत जाणार. मी ताईला म्हटलं, एक लेख काढून टाक. म्हणाली, का? मी म्हटलं, असाच. तिने माझ्याकडे जे बघितलं त्यावरून तिला कारण माहिती आहे असं मला वाटतं. म्हणाली, 'मामाने काय शिकवलंय? गिऱ्हाइकाच्या मजकुराला जुळवणाऱ्याने हात लावायचा नाही. चूक असेल तर लिहिणाऱ्याने स्वतः दुरुस्ती लिहून द्यावी, आपण छापू.' आणि परत 'हं' म्हणून काळ्या पडद्याकडे वळली.

मी दुरुस्ती लिहायला बसून पाहिलं. ताई होऊन लिहायचो तेव्हा हात पळायचा. माझ्या नावाने 'मी' असं लिहिलं की पुढे शब्दच येत नाही. पण लिहीन. परीक्षा परत आहे, या वेळी दिवा त्याच खोलीत लावीन. तोवर मामा, मी नापास झालोय हे तुझ्या पोटात ठेव. मामीलाही नको.

तुझा लाडका (अजून असलो तर)
भाचा

ता. क. तू ताईला एक फोन करशील का? तिला एवढंच सांग की छापखान्यात गिऱ्हाईक कधी कधी मजकूर मागेही घेतं, आणि तेव्हा लावलेले खिळे मोडावेच लागतात. तुझं ती ऐकते. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच होतं, कंबरेचं मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

ता. क. २. फोन करताना मी सांगितलंय असं म्हणू नकोस. तिला कळेलच, पण तू म्हणू नकोस.

ता. क. ३. पत्र कागदावर न येता लिंकवर का आलं, असं वाटलं असेल. मी ते ताईच्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं. इतकं सुरेख चालतं, लिहीतच राहावंसं वाटतं. शेवटी दोन चौकोन येतात, 'एकालाच' आणि 'सगळ्यांना', मी घाईत एक दाबला, कोणता ते आठवत नाही; हे त्यानंतर जोडतोय. पानाच्या तळाशी आत्ता लिहून आलंय: वाचक, एक. पण मामा, या वेळी तू छापखान्यात असतोस आणि तुझा फोन मामीकडे असतो. आणि मामी माझी पत्रं वाचत नाही, माझं नाव बघूनच ठेवून देते. मग हा एक कोण? ताई म्हणते सगळीकडे ओळी थेंब थेंबच जातात, तेव्हा मध्ये कुठेतरी नेट गेलं असेल अशी आशा आहे. पण मग ती हेही म्हणते की ते थांबलं तिथून पुढे सुरू होतं. तो एक तू असशील तर ताबडतोब कळव आणि कोणाला सांगू नकोस. आणि तो एक बाबा असतील, तर बाबा, तुम्हीही कोणाला सांगू नका. आईला मीच सांगतो, मशीन थांबलं की. सध्या चालू आहे.